आधी भात, मग भाकरी

आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या मुलांना इंग्रजीतलं कुठलं वाक्य सर्वांत जास्त फसवतं, असं मला कुणी विचारलं तर मी 'प्रिफर'चं, म्हणजे आवडीनिवडीचं वाक्य सांगेन. काळ अवघड आहेत, प्रयोग अवघड आहेत, 'द' कुठे लावायचा आणि कुठे नाही हेही अवघड आहे. पण तिथं मूल चुकलं तर वाक्य वेडंवाकडं होतं, ऐकणाऱ्याला अर्थ मात्र कळतो. 'प्रिफर'च्या बाबतीत तसं नाही. तिथं मूल चुकलं तरी वाक्य शुद्धच राहतं आणि अर्थ बरोबर उलटा होतो. ऐकणाऱ्याला शंका येत नाही आणि बोलणाऱ्यालाही नाही.

मी या तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझं सासर कुडपणचं. पोलादपूर सोडून डोंगरात चढत गेलं की सह्याद्रीच्या धारेला लागून हे गाव आहे. रायगड, सातारा आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी जवळ येतात तो हा मुलूख. पावसाळ्यात इथला धबधबा आणि त्याच्याजवळचा 'भीमाची काठी' नावाचा सुळका बघायला आता लांबून लोक येतात. एरवी गाव शांत असतं. उतारावर नाचणी आणि वरी, खाचरात भात, आणि जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला. गणपती आणि शिमग्याला घरं उघडतात, तेवढ्यापुरता गाव भरतो. पुढच्या शिक्षणासाठी मुलांना खाली उतरावं लागतं, आणि तशी उतरलेली काही मुलं दरवर्षी माझ्या वर्गात असतात.

त्यांतला एक मुलगा शिक्षण संपवून महाडच्या एमआयडीसीत मुलाखतीला गेला. कारखाना कुठला ते सांगण्याचं कारण नाही, त्यांची काहीच चूक नव्हती. मुलाखत बहुतेक मराठीत झाली. शेवटी साहेबांनी दोन-तीन प्रश्न इंग्रजीत विचारले, त्यांतला एक पाळीबद्दल होता: दिवसाची हवी की रात्रीची? मुलाच्या घरी वडील आजारी होते, रात्री त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. मनात मराठी वाक्य तयार होतं: रात्रपाळीपेक्षा दिवसपाळी बरी. त्याने ते जसंच्या तसं, त्याच क्रमाने इंग्रजीत ठेवलं: 'आय प्रिफर नाइट शिफ्ट टू डे शिफ्ट.' वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. 'दॅन' न घालता 'टू' घातला म्हणून तर मी त्याला वर्गात शाबासकी दिली असती. साहेबांनाही बरं वाटलं असणार, कारण रात्रपाळीला आपणहून कोण तयार होतं? त्याला रात्रपाळी मिळाली. 'मी तर दिवसपाळी मागितली होती मॅडम,' असं तो मला काही महिन्यांनी भेटल्यावर सांगत होता, आणि आपण काय बोललो होतो ते त्याने मला म्हणून दाखवलं तेव्हाही आपलं वाक्य कुठे फिरलं ते त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं. नंतर त्याने सुपरवायझरशी मराठीत बोलून पाळी बदलून घेतली.

हे असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. मराठीत आपण तुलना करतो तेव्हा सहसा नको ती वस्तू आधी ठेवतो. 'भाकरीपेक्षा भात आवडतो.' भाकरी आधी आली, तिला 'पेक्षा' चिकटला आणि ती बाजूला झाली. मग भात आला. कुडपणात बोलताना 'पेक्षा'च्या जागी 'परास' येतो, पण क्रम तोच. इंग्रजी वाक्य दुसऱ्या टोकापासून सुरू होतं. हवं ते आधी सांगायचं, मग 'टू', आणि टाकलेली वस्तू सर्वांत शेवटी: 'आय प्रिफर राइस टू भाकरी.' म्हणजे मराठी मुलाने शब्दाला शब्द ठेवत भाषांतर केलं की भात आणि भाकरी यांची अदलाबदल होते. 'टू' हा शब्द इतका छोटा आणि इतका नेहमीचा आहे की तो इथं एवढं मोठं काम करतोय हे मुलाच्या लक्षातच येत नाही.

आमची पिढी आणि आमच्या आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. मराठी वाक्य घ्यायचं, इंग्रजी करायचं. त्या पद्धतीने मराठी माणसाला इंग्रजीचा पाया दिला, याबद्दल मला फार आदर आहे. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत यायचं. तरीही दहावीतलं मूल इंग्रजी बोलताना आतल्या आत भाषांतरच करत असतं. ते करू नका असं सांगून उपयोग नाही. भाषांतर कुठल्या मराठी वाक्यावरून करायचं, एवढं मात्र शिकवता येतं.

आणि त्यासाठी आमच्या तालुक्यात फार लांब जावं लागत नाही. उमरठ आमच्याच तालुक्यात आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तानाजी महाराजांकडे गेले, तिथं कोंढाण्याची मोहीम निघाल्याचं कळलं, आणि आधी कोंढाणा, मग रायबाचं लग्न असं त्यांनी ठरवलं, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट इथलं प्रत्येक मूल पाळण्यात असल्यापासून ऐकतं. 4 फेब्रुवारी 1670 ला कोंढाणा घेताना ते पडले. त्या गोष्टीतल्या निर्णयाची मांडणी बघा. तिथं 'पेक्षा' नाही. 'आधी' आणि 'मग' आहे. ज्याला प्राधान्य द्यायचं ते पुढे, दुसरं मागे. हा इंग्रजीचाच क्रम आहे, आणि तो आपल्या मराठीत पूर्वीपासून आहे.

म्हणून मी वर्गात 'प्रिफर' शिकवताना 'पेक्षा' हा शब्द फळ्यावर येऊच देत नाही. मुलांना आधी म्हणायला लावते: आधी भात, मग भाकरी. मग 'आधी'च्या जागी 'आय प्रिफर' आणि 'मग'च्या जागी 'टू'. आधी दिवसपाळी, मग रात्रपाळी. आधी पोहणं, मग क्रिकेट: 'आय प्रिफर स्विमिंग टू प्लेइंग क्रिकेट.' दोन्हीकडे क्रियापद असेल तर दोन्हीकडे 'इंग' लावायचं, हा नियम तिथंच बसून जातो.

ही युक्ती मी केवळ सोयीसाठी धरलेली नाही, ती शब्दाच्या मुळाशी जाते. 'प्रिफर' लॅटिनमधून आला आहे. त्याचे दोन तुकडे आहेत, एकाचा अर्थ पुढे आणि दुसऱ्याचा अर्थ नेणं. पसंत करणं म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या पुढे नेऊन ठेवणं. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर, प्रायर हे सगळे लॅटिनमधून आलेले शब्दही 'दॅन' घेत नाहीत, 'टू' घेतात. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात आम्ही हे शब्द एका दमात पाठ केले होते, पण ते एकत्र का राहतात हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता दुसरा शब्द: 'रादर'. 'आय वुड रादर वॉक दॅन वेट फॉर द बस.' एसटीची वाट बघण्यापेक्षा चालत गेलेलं बरं. इथं मात्र 'टू' चालत नाही, 'दॅन'च हवा, आणि मुलं रडकुंडीला येतात: तिकडे 'टू' आणि इकडे 'दॅन' असं का? त्यालाही कारण आहे. 'रादर' हा जुन्या इंग्रजीतला अस्सल देशी शब्द. त्याचं मूळ रूप म्हणजे लवकर, आणि 'रादर' म्हणजे अधिक लवकर. अधिक उंच, अधिक मोठा यांच्यापुढे जसा 'दॅन' येतो तसाच अधिक लवकरपुढेही येतो. मूळ अर्थाने बघितलं तर 'वुड रादर' म्हणजे हे मी त्याच्या आधी करीन. पुन्हा 'आधी' आणि 'मग'. लॅटिनवाल्यांनी पसंती जागेने सांगितली, इंग्रजांनी वेळेने, आणि उमरठच्या गोष्टीतही ती वेळेनेच सांगितली आहे. तीन ठिकाणची माणसं निवड करताना एकाच पद्धतीने विचार करतात हे मला फार सुंदर वाटतं, आणि वर्गात ते सांगताना माझा तास नेहमी लांबतो.

'वुड रादर'चं सर्वांत नेमकं वाक्य मी माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलं आहे. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेत दरड कोसळली, आणि आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही त्याच पावसात डोंगर आला. किती घरं गेली, किती माणसं गेली, ते दिवस या भागातलं कुणी विसरणार नाही. आम्ही सगळे घाबरलो होतो. त्या वर्षी पाऊस जरा ओसरल्यावर कुडपणला गेलो आणि सासूबाईंना म्हटलं, 'आई, पावसाळ्यापुरतं तरी खाली पोलादपूरला चला. नाहीतर मुंबईला भावोजींकडे राहा.' त्या चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. हात थांबवला नाही. म्हणाल्या, 'त्या मुंबईच्या खोलीत कोंडून घेण्यापरास हितं उपाशी ऱ्हायलेलं बरं.' आणि भाकरी तव्यावर टाकली.

नवऱ्याने पुढे बरंच समजावलं. मी मात्र त्या वाक्याशीच थांबले होते. त्यात पर्याय दोन आहेत, दोन्ही क्रियापदं आहेत, टाकलेला पर्याय आधी आणि घेतलेला नंतर, आणि घेतलेला पर्यायसुद्धा सुखाचा नाही. 'वुड रादर'चा खरा जीव तिथंच आहे. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडायला 'लाइक बेटर' पुरतं. दोन वाईटांतून एक पत्करायचं असेल तेव्हा इंग्रज माणूस 'रादर'कडे वळतो. 'आयड रादर स्टार्व हिअर दॅन लिव्ह लॉक्ड अप इन अ रूम इन मुंबई.' सासूबाईंच्या वाक्याला इंग्रजीत याहून जवळ मला जाता येत नाही. त्या पोलादपूरला आल्या ते त्यांच्या अटीवर: धोक्याची सूचना निघाली की खाली यायचं, पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी वर.

याच पावसाने मला 'रादर'चा सर्वांत अवघड नियमही शिकवायला मदत केली. आपण स्वतः काय करू ते सांगायचं असेल तर क्रियापद साधं: 'आयड रादर स्टे.' पण दुसऱ्याने काय करावं हे सांगायचं झालं की इंग्रजी एकदम भूतकाळात जातं: 'आयड रादर यू केम टुमॉरो.' उद्या, आणि 'केम'! पुस्तकात हे वाक्य आलं की वर्गातली हुशार मुलंसुद्धा छापण्याची चूक आहे असं म्हणतात. मी त्यांना विचारते, मैत्रिणीला आज यायचंय आणि तुम्हाला उद्या सोयीचं आहे, तर तुम्ही काय म्हणाल? उत्तर लगेच येतं: 'तू उद्या आलीस तर बरं.' मग 'आलीस' हा कुठला काळ? वर्ग गप्प होतो. 'आलीस' भूतकाळाचंच रूप आहे आणि शेजारी 'उद्या' बसला आहे, तरी आपल्या कुणाच्या कानाला ते खटकत नाही. पाऊस थांबला तर बरं. एसटी वेळेवर आली तर बरं. दरड पडली नाही तर बरं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर माणसं दिवसभर हेच रूप बोलत असतात. जे अजून घडलेलं नाही पण घडावंसं वाटतं, ते आपणही घडून गेल्याच्या रूपात बोलतो. हे एकदा दाखवलं की तो नियम पाठ करावा लागत नाही.

पण मराठीतलं हेच 'बरं' एका ठिकाणी दगाही देतं. 'चालत गेलेलं बरं' हे माझी आवडही असू शकते आणि तुला दिलेला सल्लाही. इंग्रजीत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवडीला 'वुड रादर', सल्ल्याला 'हॅड बेटर', आणि 'हॅड बेटर'मध्ये धाक असतो: तसं कर, नाहीतर परिणाम भोग. आमची पुष्कळ मुलं हंगामात महाबळेश्वरच्या हॉटेलांत कामाला जातात. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, पोलादपूरहून साधारण 40 किलोमीटर. त्यांतल्या एकाने मला विचारलं, 'मॅडम, मी इतकं नम्रपणे बोललो, तरी गिऱ्हाइकाचा चेहरा का उतरला?' पाव्हण्यांनी कॉफी मागितली होती. कॉफीचं यंत्र बंद होतं. हा म्हणाला, 'सर, यू हॅड बेटर टेक टी.' चहा घेतलेला बरा, एवढंच त्याला म्हणायचं होतं, आणि त्या माणसाला ते दटावल्यासारखं ऐकू गेलं. मी त्याला दोन वाक्यं लिहून दिली. एक: कॉफी आत्ता मिळणार नाही, तुम्हाला चहा चालेल का, असं सरळ विचारायचं. दुसरं: पर्याय असतील तेव्हा 'वुड यू प्रिफर टी ऑर कॉफी?' प्रश्नात 'टू' नाही, 'ऑर' आहे, कारण अजून कोण पुढे आणि कोण मागे हे ठरलेलं नाही. ते गिऱ्हाइकाने ठरवायचं आहे.

त्यातल्या 'वुड'कडेही बघा. 'आय प्रिफर टी' म्हणजे मी चहावाला माणूस, नेहमीचा. 'आयड प्रिफर टी' म्हणजे आत्ता, या वेळी, चहा द्या. एका छोट्या आवाजाचा फरक आहे, पण पहिल्यात स्वभाव आहे आणि दुसऱ्यात प्रसंग. आपण ते 'मला चहा आवडतो' आणि 'मला चहाच द्या' असं वेगवेगळ्या क्रियापदांनी सांगतो. नकाराचंही तसंच. 'आयड रादर नॉट' ही इंग्रजीतली नको म्हणण्याची सभ्य रीत आहे. हर्मन मेल्व्हिलची 1853 सालची एक गाजलेली गोष्ट आहे, बार्टलबी नावाच्या कारकुनाची. काम सांगितलं की तो भांडत नाही, चिडत नाही, फक्त ते न करणं मी पसंत करीन असं 'प्रिफर' वापरून शांतपणे सांगतो, आणि त्याच्या त्या सौम्य शब्दांपुढे मालकाचा सगळा अधिकार हतबल होतो. नोकरीवर असलेल्या माजी विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगते. पसंतीच्या व्याकरणात किती ताकद असते ते त्यातून कळतं.

इथपर्यंतचं सगळं शिकवता येतं. खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्यासाठी कुठल्याही पुस्तकात धडा नाही.

वर्गात मी विचारते, 'तुला कुठली भाजी जास्त आवडते?' उत्तर येतं, 'काहीपण चालेल मॅडम.' सहलीला रायगडावर जायचं की प्रतापगडावर? 'तुम्ही म्हणाल तिथं.' क्रिकेट की कबड्डी? मुलगे बोलतात, मुली एकमेकींकडे बघतात. आपल्याकडे पाव्हण्याला चहा विचारला तर तो 'नको, आत्ताच घेतला' म्हणतो, आणि घरधनीण तरीही आधण ठेवते. यात मला काही वाईट दिसत नाही. समोरच्याला ओझं होऊ नये म्हणून आपली आवड गिळणं हा आपल्या माणसांचा मोठेपणा आहे, आणि ज्या घरात दोनच वस्तू असतात तिथं तो शहाणपणाही आहे. पण त्या सभ्यतेत वाढलेल्या पोरीला 'आय प्रिफर'ने सुरू होणारी पाच वाक्यं लिही असं सांगितलं की ती गाइडातली वाक्यं उतरवते. तिला स्केटिंगपेक्षा सर्फिंग आवडतं. आमच्या डोंगरात.

एकीला मी बाजूला घेऊन विचारलं, 'घरी काय करायचं ते तुला कुणी विचारतं का गं?' ती म्हणाली, 'होईल ते खायचं, मॅडम.' ती रागावून बोलत नव्हती. तिच्या लेखी तो प्रश्नच वेगळ्या जगातला होता.

मग मी भाजी आणि खेळ सोडून दिले आणि मुलं खरोखर जिथं निवड करतात तिथून सुरुवात केली. आणि काय सांगू, जिभा सुटल्या. कुडपणकडचा एक मुलगा आठ-दहा ओळी घडाघडा बोलला: गुरं सकाळी कुठल्या उतारावर न्यायची आणि दुपारनंतर कुठल्या, कारण एका बाजूला ऊन उशिरा येतं आणि गवतावर दहिवर राहतं, दुसरीकडे पाणी जवळ आहे पण वाट निसरडी. प्रत्येक ओळीत पसंती होती आणि प्रत्येक पसंतीला 'बिकॉज' होता. मुलींनी पाणवठ्यांबद्दल सांगितलं: कुठला झरा मार्चपर्यंत टिकतो, कुठल्यावर गर्दी कमी, कुठे कपड्याला दगड चांगला. एकीने लिहिलं की तिला रस्त्यापेक्षा जुनी पायवाट बरी वाटते, कारण पायवाटेवर करवंदं मिळतात. 'आय प्रिफर द ओल्ड पाथ टू द रोड बिकॉज आय गेट करवंदं.' करवंदांना इंग्रजी शब्द शोधायच्या भानगडीत मी पडले नाही. हव्या त्या वस्तूला हवी ती जागा मिळाली होती, वाक्य पूर्ण होतं आणि तिचं स्वतःचं होतं.

या मुलांना निवडता येत नाही, असं म्हणणाऱ्याने त्यांच्याबरोबर एक दिवस डोंगरात काढावा. आणि आपली निवड उघड सांगणारी माणसंही याच मुलखात झाली आहेत. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यातल्या नाते गावी 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख पुढे आयसीएस झाले, 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नंतर केंद्रात अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळण्याच्या प्रश्नावर त्यांनी 1956 मध्ये ते मंत्रिपद सोडलं. खुर्ची की मुंबई या निवडीत आधी काय आणि मग काय हे त्यांनी संसदेत, साऱ्या देशासमोर सांगितलं. मी हे मुलांना सांगते ते इंग्रजीच्या तासाला, कारण ते कुठलं लांबचं उदाहरण नाही, पुढच्या एसटी स्टँडवरचं आहे.

पसंती लिहून देण्याची वेळ आता प्रत्येक मुलावर येते. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाले. दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची असतात, आणि पहिल्या क्रमांकाचं मिळालं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. आम्हा शिक्षकांना ही पद्धत ओळखीची आहे. कोकण विभाग शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत, शेवटची 30 जानेवारी 2023 ला झाली, मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो. दिलेल्या जांभळ्या पेनने उमेदवारांपुढे 1, 2, 3 असे आकडे घालायचे असतात. बाकीचे आकडे घाला न घाला, पण 1 नसेल किंवा दोघांपुढे असेल तर मत बाद. मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवते. क्रमाला अर्थ असतो हे 'प्रिफर'च्या वाक्याने जितकं कळतं तितकंच या मतपत्रिकेने.

अकरावीच्या फॉर्मच्या वेळी करवंदांचं वाक्य लिहिणारी मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. वडील मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला आहेत. त्यांचं म्हणणं, काकांकडे राहून मुंबईतल्या कॉलेजात जा. आईचं म्हणणं, पोलादपूरला आर्ट्स कर, घरापासून लांब नको. हिला सायन्स हवं होतं, महाडला. मी म्हटलं, 'आधी इंग्रजीत लिही.' ती हसली, पण बसली. लिहिलं ते असं: 'माय फादर वुड रादर आय वेंट टू मुंबई. माय मदर वुड रादर आय स्टेड अॅट होम. आय वुड रादर स्टडी सायन्स इन महाड.' तीन वाक्यं, पहिल्या दोन्हींत दुसऱ्याची इच्छा म्हणून भूतकाळ, तिसऱ्यात स्वतःची म्हणून साधं क्रियापद. कुठेही चूक नाही. मी विचारलं, 'बिकॉज?' तिने तीन कारणं लिहिली: मुंबईच्या खोलीत आधीच पाच माणसं आहेत, पोलादपूरला मावशी आहे आणि तिथून महाडला एसटीने जाता-येता येतं, आणि तिला फार्मसी करायची आहे.

संध्याकाळी तिने शाळेच्या आवारातूनच वडिलांना फोन लावला, मी जवळ उभी होते. 'बाबा, मला मुंबईपेक्षा महाड बरं वाटतंय,' ती म्हणाली. पलीकडे थोडा वेळ काही बोलणं झालं नाही, मग त्यांनी का म्हणून विचारलं असावं, कारण तिने वही उघडली आणि कारणं एकामागून एक मराठीत वाचत गेली. मुंबईच्या खोलीचं कारण तिने आवाज खाली आणून सांगितलं. वडिलांनी फी विचारली, एसटीचा पास विचारला, मावशीला विचारलंस का ते विचारलं. शेवटी म्हणाले, आईशी बोलतो.

फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला महाडचं कॉलेज गेलं, दुसऱ्यालाही महाडचंच, तिसऱ्याला वडिलांच्या समाधानासाठी मुंबईचं. पहिल्या फेरीत पहिलंच लागलं, आणि नियमच तसा असल्यामुळे बाकीची नावं कुणी पुन्हा काढली नाहीत.